घोणस, विंचू आणि मेंदूचा निरोप : ताण-संप्रेरकांच्या शोधाची कहाणी

घोणस चावलेला माणूस वाचला, की घरच्यांच्या दृष्टीने गोष्ट तेथेच संपते. प्रतिविषाच्या कुप्या, रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी पुनःपुन्हा घेतलेले नमुने, मूत्रपिंडे थकली तर डायलिसिस, या साऱ्यांतून पार पडून तो घरी परततो. पण काही रुग्णांच्या बाबतीत आठवड्यांनी, महिन्यांनी, क्वचित वर्षांनी एक वेगळीच तक्रार सुरू होते. अंगातले बळ गेल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. पुरुषाची दाढी विरळ होते, स्त्रीची पाळी थांबते. आणि मग एखाद्या साध्या तापात हा माणूस एकाएकी बेशुद्ध पडतो. तपासले तर रक्तातील साखर आणि सोडियम, दोन्ही घसरलेली. दंश पायाला झाला होता. बिघाड मात्र निघतो डोक्यात, मेंदूच्या तळाशी देठाने लोंबणाऱ्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत.

चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे साऱ्या उत्तर भारतात जिला नुसते ‘पीजीआय’ म्हणतात तेथे, हा बिघाड शोधण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला आहे. १९६२ साली स्थापन झालेली आणि १९६७ पासून संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली ही संस्था पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश अशा सर्व बाजूंच्या गंभीर रुग्णांचे अखेरचे ठिकाण असते. घोणसदंशातून वाचलेल्यांच्या पीयूषिका ग्रंथीचे पुढे काय होते, हे पाहणारा तेथील डॉक्टरांचा अभ्यास २०१८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषय अगदी नवा नव्हता. ब्रह्मदेशातील घोणसदंशानंतर असाच प्रकार घडतो, हे १९८७ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे आले होते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. वाचलेल्यांपैकी कितीजण अशी निकामी ग्रंथी घेऊन जगत असतील, ते या आकड्यात येत नाही.

सापाच्या विषाने नेमकी हीच ग्रंथी का मरावी? याचे उत्तर मिळायला शरीरशास्त्राला सुमारे शंभर वर्षे लागली. कारण त्यासाठी आधी दुसराच प्रश्न सुटणे आवश्यक होते. संकट ओळखतो तो मेंदू, आणि संकटात शरीराला तगवणारी संप्रेरके तयार होतात ती मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत. मग एकाचा निरोप दुसऱ्याकडे जातो कसा?

अधिवृक्क ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक आहेत, हे प्रथम रोगाने दाखवले. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली काही रुग्णांचे वर्णन केले. ते क्षीण होत होत मरत आणि मरण्यापूर्वी त्यांची कातडी काळवंडत असे. शवविच्छेदनात या ग्रंथी नासलेल्या आढळत, बहुतेक वेळा क्षयाने. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या. ते प्राणी लवकरच मेले. ग्रंथी करतात काय, हे मात्र अंधारातच राहिले. एक गुंतागुंत तर रचनेतच होती. अधिवृक्क ग्रंथी ही एकात एक बसवलेली दोन वेगळी इंद्रिये आहेत : आत गाभा, बाहेर साल. गाभा जन्माने मज्जासंस्थेचा नातेवाईक, साल अगदी निराळ्या कुळातली. निसर्गाने या दोघांना एका आवरणात का कोंबले, हे कोडे अभ्यासकांना दीर्घकाळ छळत होते. १९६० च्या दशकात वुर्टमन आणि ॲक्सलरॉड यांनी दाखवले, की सालीतून पाझरणारे संप्रेरक गाभ्यातील एका विकराला चालना देते आणि त्यामुळेच तेथे नॉरॲड्रेनॅलिनचे ॲड्रेनॅलिन होते. शेजार निष्कारण नव्हता.

गाभ्याचे गूढ आधी उकलले. १८९४ साली ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब झपाट्याने चढतो हे दाखवले. १९०१ साली जोकिची ताकामिने यांनी त्यातील द्रव्य स्फटिकरूपात मिळवले. हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांनी मग प्रश्न विचारला तो असा, की हे द्रव्य जिवंत प्राण्याच्या रक्तात केव्हा उतरते? १९११ साली त्यांनी एका मांजराला भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवले आणि भेदरण्यापूर्वीचे व नंतरचे रक्त तपासले. त्या काळी संप्रेरक मोजण्याचे यंत्र नव्हते. आतड्याच्या स्नायूची एक चिंधोटी रक्तात बुडवायची आणि ती सैलावते का, ते पाहायचे. भेदरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैलावली. लढा किंवा पळा, या दोन्हींसाठी शरीराची तयारी करणारा हा मार्ग सरळ मज्जातंतूंचा आहे. मेंदूतून मज्जारज्जूत, तेथून तंतूवाटे थेट गाभ्यात. काम काही सेकंदांत होते.

हा मार्ग बेभान झाला तर काय होते, हे महाराष्ट्राने फार जवळून पाहिले आहे. कोकणातील लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांवरील सोडियमची दारे उघडीच ठेवते. परिणामी तंतूंतून आणि अधिवृक्काच्या गाभ्यातून नॉरॲड्रेनॅलिन व ॲड्रेनॅलिन यांचा लोंढा वाहू लागतो. घामाने भिजलेले, हातपाय गार पडलेले मूल, प्रथम भडकलेला रक्तदाब, मग थकलेले हृदय आणि पाण्याने भरलेली फुप्फुसे. संकट बाहेर कोठेच नाही, तरी शरीर मात्र संकटाचाच प्रतिसाद देत राहते आणि त्या प्रतिसादानेच मरते. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडमध्ये काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या खाटेशी बसून नोंदी केल्या, आणि या लोंढ्याला रक्तवाहिन्यांच्या दारातच अडवणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध वापरले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिनपूर्व काळात गंभीर विंचूदंशात २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. हे प्रमाण पुढे एक टक्क्याच्या आसपास उतरले. प्रयोगशाळेत नव्हे, तालुक्याच्या गावी झालेले हे काम आहे, आणि ताण-प्रतिसादाच्या जलद शाखेबद्दलचे ते जगातील महत्त्वाच्या निरीक्षणांपैकी एक आहे.

सालीची कथा संथ आहे, जसे तिचे कामही संथ. १९३० च्या दशकात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये हा तरुण संशोधक एका नव्या लैंगिक संप्रेरकाच्या शोधात उंदरांना अंडाशयाचे अर्क टोचत होता. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, थायमस आक्रसला, जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले म्हणून सेल्ये हरखला. पण इतर अवयवांच्या अर्कांनीही तेच झाले. शेवटी फॉर्मालिन टोचल्यानेही तेच. म्हणजे हा परिणाम कोणत्याही एका द्रव्याचा नव्हताच. तो इजेला शरीराने दिलेला सर्वसामान्य प्रतिसाद होता. थंडी, अतिश्रम, जखम यांनीही तीच तीन लक्षणे उमटली. ४ जुलै १९३६ च्या ‘नेचर’मध्ये आलेली त्याची टिपणी जेमतेम पानभराची होती. आज ‘स्ट्रेस’ हा शब्द ज्या अर्थाने घरोघरी वापरला जातो, त्याचे मूळ सेल्येच्या पुढील लेखनात आहे. हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. परंतु प्रत्येक ताणाचा प्रतिसाद हुबेहूब एकसारखा असतो हा त्याचा आग्रह मात्र टिकला नाही, हेही तितकेच खरे.

साल फुगते ती कोणाच्या सांगण्यावरून, याचे अर्धे उत्तर तोवर मिळालेले होते. अमेरिकेत फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पीयूषिका ग्रंथी मेंदूला धक्का न लावता काढण्याची नाजूक शस्त्रक्रिया साधली आणि १९३० साली दाखवले, की ती काढली की अधिवृक्काची साल झिजत जाते. ग्रंथीचे तुकडे पुन्हा आरोपित केले की सावरते. पीयूषिकेतून निघणारे हे चेतक संप्रेरक, म्हणजे एसीटीएच, १९४३ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले. सालीतील कॉर्टिसोनने १९४८ साली संधिवाताच्या रुग्णाला उभे केले आणि १९५० साली केंडल, राइखश्टाइन व हेंच यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा सर्वश्रुत आहे. पण साखळीची वरची कडी अजून गायब होती. पीयूषिकेला कोण सांगते?

येथे खरा वाद पेटला. पीयूषिकेच्या मागच्या भागात मेंदूतून आलेले तंतू भरपूर दिसत. पुढच्या भागात, म्हणजे एसीटीएच बनवणाऱ्या भागात, ते जवळजवळ नव्हतेच. तंतूंवाचून मेंदू हुकूम कसा देणार? पीयूषिकेला ‘ग्रंथींच्या वाद्यवृंदाची सूत्रधार’ मानण्याचा तो काळ होता, आणि सूत्रधाराला वरून कोणी सांगणारा असेल ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती.

१९३० साली लंडनमध्ये काम करणारे रुमानियन शरीररचनाशास्त्रज्ञ ग्रिगोरे पोपा आणि ऑस्ट्रेलियन ऊना फील्डिंग यांनी पीयूषिकेच्या देठावरून जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक जाळे वर्णिले. या वाहिन्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्या दोन्ही टोकांना केशवाहिन्या आहेत : एक जाळे हायपोथॅलॅमसच्या तळाशी, दुसरे पीयूषिकेत. यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी शिरेसारखीच ही रचना. पण रक्त वाहते कोणत्या दिशेने? पोपा आणि फील्डिंग यांनी ठरवले, की खालून वर, पीयूषिकेकडून मेंदूकडे. मृत ऊतींचे काप पाहून काढलेला तो निष्कर्ष होता आणि तो चुकीचा होता. १९३५ साली ब्युनोस आयर्समध्ये ऊसाय व सहकाऱ्यांनी जिवंत भेकात रक्त वरून खाली जाताना पाहिले; १९३६ साली विस्लॉकी आणि किंग यांनीही सस्तन प्राण्यांच्या रचनेवरून तीच दिशा सुचवली. ऊसाय यांच्या निरीक्षणाकडे पुढे बरीच वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

जेफ्री हॅरिस या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या दिशेवर आपली सारी कारकीर्द पणाला लावली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : हायपोथॅलॅमसमधील मज्जापेशी आपल्या टोकांतून काही रासायनिक द्रव्य या वाहिन्यांच्या पहिल्या जाळ्यात सोडतात, आणि ते द्रव्य रक्ताबरोबर खाली उतरून पीयूषिकेला आज्ञा देते. म्हणजे मेंदू तंतूने नव्हे, रक्ताने बोलतो. असे द्रव्य त्याने पाहिलेले नव्हते, कोणीच पाहिलेले नव्हते. त्यामुळे प्रयोगानेच विरोधकांना गप्प करणे भाग होते.

त्याने सशांच्या डोक्याच्या कातडीखाली विद्युत्-कुंडल पुरले आणि दुरून, प्राण्याला न हाताळता, हायपोथॅलॅमसला चेतना दिली. हाताळणे टाळण्याला फार महत्त्व होते. कारण नुसते पकडल्यानेही सशाचा ताण-प्रतिसाद जागा होतो, आणि मग मोजमापाला अर्थ उरत नाही. १९५० साली द ग्रोट आणि हॅरिस यांनी दाखवले, की हायपोथॅलॅमसच्या ठरावीक भागाला चेतना दिली की रक्तातील लसिकापेशी घटतात, जो अधिवृक्काची साल जागी झाल्याचा पुरावा मानला जाई. तो भाग नष्ट केला, तर ताण देऊनही त्या घटत नाहीत. १९५२ साली डोरा याकबसोन या नाझी जर्मनीतून स्वीडनला आलेल्या संशोधिकेबरोबर त्याने सर्वांत देखणा प्रयोग केला. उंदराची पीयूषिका काढून तिच्या जागी, हायपोथॅलॅमसच्या तळाशी, दुसरी पीयूषिका बसवली. वाहिन्यांचे जाळे तिच्यात शिरले आणि ती कामाला लागली. तीच ग्रंथी मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली, तेव्हा तिला रक्त भरपूर मिळाले तरी ती निष्क्रिय राहिली. केवळ रक्त पुरेसे नाही, हायपोथॅलॅमसवरून आलेलेच रक्त हवे.

तरीही सॉली झुकरमन यांच्यासारखा वजनदार शास्त्रज्ञ मानायला तयार नव्हता. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी प्रकाशाचे तास वाढले की माजावर येतो. झुकरमन यांचा दावा असा, की देठ कापून वाहिन्या तोडल्या तरी काही फेरेट माजावर आलेच. तेव्हा हॅरिसची कल्पना कोसळते. हॅरिस आणि डोनोव्हन यांनी १९५४ साली तोच प्रयोग पुन्हा केला, पण एक काळजी घेऊन. कापलेल्या देठाच्या दोन टोकांमध्ये त्यांनी एक आडपडदा घातला. या वाहिन्या तुटल्यावर पुन्हा सांधल्या जातात, हे हॅरिसने पूर्वीच हेरले होते. पडदा घातलेले प्राणी माजावर आले नाहीत. जे आले, त्यांच्या वाहिन्या पुन्हा जुळलेल्या आढळल्या. इतक्या बारक्या वाहिन्यांच्या या चिवटपणामुळे कित्येकांचे प्रयोग वर्षानुवर्षे परस्परविरोधी उत्तरे देत राहिले होते.

चंडीगडच्या रुग्णाचे उत्तरही या वाहिन्यांतच दडलेले आहे. पीयूषिकेच्या पुढच्या भागाला मुख्यतः या देठावरील वाहिन्यांतूनच रक्त मिळते. हे रक्त एकदा केशवाहिन्यांच्या जाळ्यातून गेलेले असते, म्हणून त्याचा दाब कमी. मेंदूचा निरोप पाझरून जाऊ नये, थेट पोहोचावा यासाठी ही सोय आहे. पण रक्तदाब कोसळला किंवा रक्त वाहिन्यांतच गोठू लागले, तर सर्वांत आधी उपाशी पडणारी जागाही हीच. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ साली बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांत पीयूषिका अशीच मरते, हे दाखवले. गरोदरपणात ती ग्रंथी आधीच फुगलेली असते, त्यामुळे धोका अधिक. घोणसेचे विष हेच दुसऱ्या वाटेने घडवते. त्यातील घटक रक्त गोठवणाऱ्या साखळीला मधूनच पेटवतात, सूक्ष्म गुठळ्या होतात, गोठवणारी द्रव्ये संपून रक्तस्राव होतो, दाब पडतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत शीहानचा विकार आता दुर्मीळ म्हणून नोंदला जातो. काश्मीरमधील २००५ च्या एका पाहणीत वीस वर्षांवरील, बाळंत झालेल्या स्त्रियांत तो सुमारे तीन टक्क्यांत आढळला, आणि त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांशांची बाळंतपणे घरी झालेली होती.

हॅरिसचे अदृश्य द्रव्य शोधायला मात्र आणखी पंचवीस-तीस वर्षे गेली. १९५५ साली माँट्रियलमध्ये सॅफ्रन व शॅली आणि ह्यूस्टनमध्ये गियमँ व रोझेनबर्ग यांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले, की हायपोथॅलॅमसचा अर्क काचपात्रातील पीयूषिकेतून एसीटीएच बाहेर काढतो. द्रव्याला नाव मिळाले, द्रव्य मिळेना. गियमँ आणि शॅली काही वर्षे एकत्र राबले, मग वेगळे झाले आणि प्रतिस्पर्धी बनले. खाटीकखान्यांतून मेंढ्यांचे आणि डुकरांचे हायपोथॅलॅमस लक्षावधींच्या संख्येने गोळा होऊ लागले, कारण एका मेंदूत हे द्रव्य नगण्य असते. दोघांनी थायरॉइडचे आणि जननग्रंथींचे नियंत्रण करणारी द्रव्ये शोधली आणि १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा घेतला. ज्या द्रव्यापासून सुरुवात केली होती, ते तरीही हाती आलेच नव्हते. अखेर १९८१ साली गियमँ यांच्याच जुन्या सहकाऱ्याने, सॉल्क संस्थेतील वायली व्हेल यांनी, सुमारे पाच लाख मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून ४१ अमिनो आम्लांची ती साखळी वेगळी केली. सीआरएच म्हणून आज ती ओळखली जाते. हॅरिस १९७१ सालीच वारला होता.

आता साखळी पूर्ण दिसू लागली. हायपोथॅलॅमसमधील पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकातील पेशी सीआरएच आणि त्याच्या जोडीने व्हॅसोप्रेसिन देठाच्या वाहिन्यांत सोडतात. पीयूषिका एसीटीएच सोडते. अधिवृक्काची साल माणसात कॉर्टिसॉल आणि उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन सोडते. याला सेकंद नव्हे, मिनिटे लागतात. ते संप्रेरक रक्तात साखर उपलब्ध करते, दाह आवरते, रक्तवाहिन्यांना ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देण्यास समर्थ ठेवते. आणि मग ते वर मेंदूत परत जाऊन सांगते : पुरे. हा परतीचा निरोप नसता, तर प्रत्येक भीती आयुष्यभर टिकली असती. बाहेरून अर्क दिला की अधिवृक्क झिजतो, हे १९३७ सालीच इंगल आणि केंडल यांनी पाहिले होते. पण १९६८ साली ब्रूस मॅक्यूअन व सहकाऱ्यांनी कॉर्टिकोस्टेरॉन उंदराच्या मेंदूत कोठे जाऊन बसते ते शोधले, तेव्हा उत्तर अनपेक्षित निघाले. ते सर्वाधिक बसत होते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीच्या प्रदेशात. ताणाचे नियमन आणि आठवण यांचे घर एकच निघाले.

पुढचा महत्त्वाचा अध्याय भारतात लिहिला गेला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी, अजय व्यास, रूपशी मित्रा आणि निम्हान्सचे शंकरनारायण राव यांनी २००२ साली दाखवले, की उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले, तर हिप्पोकॅम्पसमधील मज्जापेशींच्या शाखा आखडतात, पण भीतीशी निगडित अमिग्डालातील शाखा उलट वाढतात. पहिला प्रदेश प्रतिसादाला आवर घालतो, दुसरा त्याला हाक देतो. ताण अशा रीतीने लगाम सैल करतो आणि टाच मात्र घट्ट. २००५ साली याच गटाला आढळले, की दोन तासांचा एकच अनुभवही दहा दिवसांनंतर अमिग्डालात नवे संपर्कबिंदू उगवायला पुरतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज काही तास आईपासून दूर ठेवले, तर मोठेपणीची चिंतातुरता सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर कशी अवलंबून असते, हे तपासले. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार आणि सहकाऱ्यांनी, मद्याची सवय लावून ते एकदम तोडलेल्या उंदरांच्या चिंतेमागे अमिग्डालातील कोणते पेप्टाइड असते, त्याचा माग २००८ च्या सुमारास काढला.

प्रयोगशाळेबाहेर हे संप्रेरक मोजण्याची अडचण हॅरिसच्या सशासारखीच : पकडले की आकडा बिघडला. म्हणून वन्य प्राण्यांच्या विष्ठेत उतरलेले त्याचे अवशेष मोजतात. हैदराबादच्या कोशिकीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या गटाने कान्हा आणि बांधवगड येथील वाघांची विष्ठा तपासली. पर्यटनाच्या हंगामात, गाड्यांच्या वर्दळीबरोबर, हे प्रमाण चढलेले दिसले. कर्नाटकातील हत्तींनी मात्र अंदाज चुकवला. शेतात घुसणारे हत्ती माणसांच्या हल्ल्याच्या भीतीने अधिक ताणाखाली असतील असे वाटत होते. २०१९ सालच्या अभ्यासात त्यांच्यात हे अवशेष जंगलात राहणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. संशोधकांच्या मते उत्तम चारा हे त्याचे एक कारण असावे. कॉर्टिसॉल मूलतः साखरेचे संप्रेरक आहे, ही जुनी गोष्ट विसरून त्याला केवळ भीतीचा मापदंड मानणाऱ्यांना ही नोंद उपयोगी पडेल.

घोणसदंशातून वाचलेल्या रुग्णापाशी परत येताना या इतिहासाचा प्रत्येक तुकडा कामाला येतो. त्याची कातडी ॲडिसनच्या रुग्णांसारखी काळवंडत नाही, कारण तेथे ग्रंथी नासलेली असते आणि एसीटीएच अवाजवी वाढून कातडीला रंग देते. येथे एसीटीएचच नाही, उलट कातडी फिकट पडते. म्हणून रोग नजरेतून निसटतो. पोटॅशियमही वाढत नाही, कारण मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या हुकमतीत चालते, पीयूषिकेच्या नव्हे. एसीटीएच टोचून अधिवृक्क जागा होतो का हे पाहण्याची चाचणी दंशानंतर पहिल्या काही आठवड्यांत फसवी ठरू शकते. स्मिथच्या उंदरांप्रमाणे साल झिजायला वेळ लागतो, आणि तोवर ती बाहेरच्या हुकमाला व्यवस्थित उत्तर देते. वरचा हुकूम येतो का, हे पाहायचे तर इन्शुलिनने रक्तातील साखर मुद्दाम उतरवून मेंदूलाच संकटाची चाहूल द्यावी लागते, तीही डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, कारण परीक्षाच धोक्याची आहे.

उपचार मात्र साधे आणि स्वस्त आहेत. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, दिवसातून दोन किंवा तीन वेळा, सकाळची मात्रा मोठी. आणि ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया असेल तेव्हा मात्रा दुप्पट वा त्याहून अधिक, कारण मेंदूने जे आपोआप वाढवले असते ते आता माणसाला हाताने वाढवायचे असते. निदानाची पहिली पायरीही तशीच साधी : रक्तातील कॉर्टिसॉल. फक्त हे रक्त सकाळी आठच्या सुमारास घ्यावे लागते. मेंदूतील दिनक्रमाचे घड्याळ निरोगी माणसात कॉर्टिसॉल पहाटे चढवते आणि मध्यरात्रीकडे अगदी खाली आणते. निशाचर उंदरात हे चक्र उलटे असते. दुपारी बाह्यरुग्ण विभागात घेतलेल्या नमुन्यात कमी आकडा आला, तर तो रोगाचा की वेळेचा, हे सांगता येत नाही. त्यामुळे दूरच्या गावातून येणाऱ्याला आदल्या रात्रीच शहर गाठावे लागते.